आतल्या प्रोजेक्टचा ॲक्सेस मी बंद केला

दि. १८ जून २०२५, दुपारी १२.२०

नाव इरावती मनमोहन विजयकर, वय ६३ वर्षे, शिक्षण बी.एस्सी. गणित, व्यवसाय सॉफ्टवेअर कंपनीत भागीदार, राहणार गिरगाव, मुंबई.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. आमचे ऑफिस दादर पश्चिमेला आहे. कंपनीत भागीदार दोन, मी आणि अनिमेष मनमोहन विजयकर. अनिमेषने दि. १६ जून रोजी आमची माजी कर्मचारी दीपिका कोंडीराम गमरे, रा. बीडीडी चाळ, वरळी, हिच्याविरुद्ध अर्ज दिला आहे की, तिने नोकरी सोडताना आमचा प्रोग्राम मुद्दाम बंद पाडला. अनिमेष माझा मुलगा आहे.

परळच्या एका डायलिसिस केंद्रात रुग्णांच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम आम्ही चालवतो. त्याचा कोड रिपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवण्याच्या सामाईक जागेत असतो. रुग्णाच्या वजनावरून मशीनची वेळ ठरवणारा भाग त्याच्या पोटात वेगळा प्रोजेक्ट म्हणून ठेवला आहे. बाहेरचा कोड ऑफिसातल्या सगळ्यांना दिसतो, आतला फक्त तिघांना. उपनिरीक्षकांनी विचारले, "म्हणजे कपाटात लॉकर?" मी म्हणाले, "होय. आणि कपाटाच्या चावीने लॉकर उघडत नाही."

केंद्राचा सर्व्हर रोज पहाटे साडेपाचला दोन्हींतला कोड नव्याने घेतो. ही पद्धत मी घातली. आतल्या प्रोजेक्टसाठी सर्व्हरला स्वतःची, फक्त वाचण्यापुरती चावी द्यायला हवी होती. काम सुरू करायची घाई होती, म्हणून दीपिकाची वैयक्तिक चावी लावली. तसे करायला मी सांगितले.

दि. ४ फेब्रुवारी व २२ एप्रिल रोजी दीपिकाने मला ईमेल केले. "मॅडम, उद्या मी नसले तर सर्व्हरला आत जाता येणार नाही. त्याला त्याची चावी द्या." दोन्हींना माझे उत्तर "नंतर पाहू" असे आहे. प्रती सोबत देत आहे.

दि. १३ जून हा तिचा शेवटचा दिवस. आमच्याकडे नोकरी सोडून जाणाऱ्याचा ॲक्सेस त्याच संध्याकाळी काढला जातो, म्हणजे त्याची चावी बंद होते. ते काम मी कोणावर सोपवत नाही. ५.०४ वाजता मी तिचा ॲक्सेस काढला. ती समोर उभी होती. म्हणाली, "मॅडम, सर्व्हरचं झालं का?" मी म्हणाले, "ते माझ्यावर सोड." मग तिने आणलेले पेढे वाटले गेले. चावीचे मी विसरले.

दि. १४ रोजी पहाटे प्रोग्राम सुरू झाला नाही. अकरा रुग्ण बाकावर थांबले. सिस्टरांनी वहीत पाळ्या लावल्या. ९.१५ वाजता मी दीपिकाला फोन केला. तिने कारण एका वाक्यात सांगितले. मी सर्व्हरला नवी चावी दिली. ९.४० वाजता प्रोग्राम चालू झाला. कोणाला इजा झाली नाही.

केंद्राने लेखी खुलासा मागितला. अनिमेषने त्यात दीपिकाचे नाव घातले. मी खरे कारण सांगितल्यावर म्हणाला, "मग काय तुझं नाव लिहू? आई, कंत्राट जाईल. ती तर गेलीच आहे."

मी म्हणाले, "जाऊ दे कंत्राट."

तो म्हणाला, "तिला कुठून उचललं, विसरू नकोस."

मी म्हणाले, "परीक्षा घेऊन घेतलं. तुझी घेतली नव्हती."

दीपिकाची नवी नोकरी २३ जूनपासून आहे. त्या कंपनीने पोलीस पडताळणी मागितली आहे. काल या ठाण्याचे हवालदार चाळीत तिच्या घरी गेले. दार तिच्या वडिलांनी उघडले. हे मला आज इथे हवालदारांकडून कळले; तिच्या वडिलांनी मला फोन केलेला नाही.

उपनिरीक्षक म्हणाले, "बाई, हे मुलाच्या विरुद्ध जातंय." मी म्हणाले, "लिहा."

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात "ॲक्सेस चुकून बंद झाला" असे लिहिले होते. ते खोडून "मी बंद केला" असे करून घेतले. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.