भातावरून चाक न्यायचं नाय

माझं माहेर खोपोलीकडचं, शिळफाट्याच्या जरा आत. बाप कारखान्यात होता, सायकलीनं जायचा, त्याची दुपारपाळी असली की सकाळभर सायकल दाराशी उभी. मग काय, मी नि ती सायकल. दांड्याची मोठी, माझा पाय पोचायचा नाय, दांड्याखालनं पाय घालून कैची मारत शिकले, किती आपटले ते इचारू नका. आई वरडायची, पोरीच्या जातीला शोभतं का गं हे, नि बाप म्हनायचा, शिकू दे, पडंल नि उठंल. तेवढं एक बरं केलं त्यानं माझं.

लग्न होऊन हिकडं आले, कशेळ्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला, नि वीस वर्सं सायकलीला हात नाय लावला. नव्या सुनेनं सायकल चालवायची म्हंजे गावानं दात काढले असते. शेती, चूल, दोन पोरं, गेली वर्सं.

मग ते सर आले. मुंबैचे, माझ्या धाकट्या भावाएवढे असतील, पन मी आपली सर म्हनते. गावाबाहेर जागा घेऊन त्यांनी सायकली ठेवल्या. शनवार-रविवार पावने यायचे, त्यांना गावागावातनं फिरवायचं, वर वाडीपतुर न्यायचं, मग जेवन. मी जेवन रांधायला होते. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. एक दिवस पावन्यांच्या पुढं सायकलीनं जाऊन रस्ता दाखवनारा मानूस आलाच नाय, पावने तयार होऊन उभे, सर डोक्याला हात लावून बसलेले. मी म्हनलं, मी नेते की, सगळे रस्ते मला म्हाईत हायेत. ते हसले. मी सायकल घेतली नि अंगनात दोन चकरा मारल्या, तवा त्यांनी हेल्मेट माझ्या हातात दिलं.

तवापासनं मी पुढं. सकाळी निघायच्या आधी सांगायची, हेल्मेटचा पट्टा हनवटीखाली बोट जाईल एवढाच सैल, डावीकडनं एकामागं एक, वळनाला घंटी, उताराला नुसता पुढचा ब्रेक दाबायचा नाय, नायतर तोंडावर जाल. कुत्रं मागं लागलं तर पळायचं नाय, उतरून सायकल मधी धरायची. शिकलेली मोठमोठी मानसं मान हलवत ऐकायची. खोटं कशाला बोलू, मला लई भारी वाटायचं.

आता काय सांगू तुमाला. कापनी, झोडनी झाली की आमच्याकडं भात वाळवायला रस्त्यावर घालतात, ज्याच्या दारात ऊन नाय तो डांबरी धरतो. माझी चुलत सासू हाय, काकू म्हनतो आमी, एकटीच असते, दारात फनसाची सावली, मग ती वळनावर घालते, तिथं दिवसभर ऊन. डावीकडनं अर्धा रस्ता भात, कडेनं दगड लावलेले. नि आमच्यात दान्याला पाय लागला तर पाया पडतात, भातावरून चाक गेलेलं मला बघवत नाय. म्हनून मी काय करायची, वळनाच्या आधी हात करायची, उजवीकडनं घ्या, भातावरून चाक न्यायचं नाय. सकाळी डावीकडनं चला सांगनारी मी, नि जिथं पुढचं कायबी दिसत नाय, तिथं मीच सगळ्यांना उजवीकडं घालायची. बरेच दिवस काय झालं नाय, म्हनून माझ्या ध्यानातबी आलं नाय.

मग एका रविवारी समोरनं जीप आली. तिचा काय दोष नाय, हळूच होती, तिच्या बाजूनं होती. मी निसटले. माझ्या मागं बँकेतल्या मॅडम होत्या, पन्नाशीच्या, त्यांनी घाबरून पुढचा ब्रेक दाबला नि उडून दगडांवर पडल्या. खांद्याचं हाड मोडलं. जीपवाल्यानंच कर्जतला दवाखान्यात नेलं.

दोन दिवसांनी सरांनी पंचायतीला द्यायला अर्ज लिहिला, रस्त्यावर भात घातल्यानं अपघात झाला, हे बंद करा. म्हनले, तुमी पुढं होता, सई करा. मी अर्ज घेऊन काकूकडं गेले. ती म्हनली, कर गं सई, नायतर तुझं काम जाईल, माझं काय, मी घालंन कुठंतरी. कुठं घालनार होती, तिला दुसरी जागाच नाय. मला एक दिवस नव्हं, चार दिवस अन्न गोड लागलं नाय. मग सरांना सांगितलं, सई नाय करत, भातानं नाय पाडलं, माझ्या हातानं पाडलं, मीच उजवीकडं घातलं त्यांना. दवाखान्यात जाऊन मॅडमनाबी तेच सांगितलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. नि सरांनी अर्ज ठेवून दिला, म्हनले, उद्यापासनं परत चुलीचंच बघा.

वर्सभर भाकऱ्या थापल्या. बाहेर सायकली निघायच्या, घंट्या वाजायच्या, मी चुलीपाशी. रडले मी, कोनाला दाखवून नाय, पन रडले. तरी सई केली असती तर जास्त रडले असते.

यंदा दिवाळीनंतर मॅडम परत आल्या. सरांना म्हनल्या, माझ्या पुढं ह्या बाई असतील तरच जाते. का, तर ह्यांनी मला खरं सांगितलं. सरांनी मला हाक मारली.

आता वळनाच्या अलीकडं मी सगळ्यांना उतरवते. काकू पलीकडं रस्त्यात हात आडवा करून उभी राहते, जीप येवो नायतर टेंपो, तिच्यापुढं कोन जात नाय, लई तोंडाळ हाय ती. मग आमी एकामागं एक, सायकल हातात धरून, भाताच्या कडेकडेनं चालत जातो. पलीकडं गेलं की काकू म्हनते, जा आता, सावकाश जा.

मॅडमचा उजवा हात अजून पुरता वर जात नाय. केस बांधायला दुसऱ्याला सांगावं लागतं. परत आल्या त्या दिवशी हेल्मेट घालताना त्यांचे केस मोकळेच होते, त्या माझ्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. मी बांधून दिले, घट्ट. बाई सुखात राहो.