खंडेनवमीला शेजारच्या बंदुकीला लावलेलं कुंकू

नाव सुमन पंढरीनाथ खराडे. वय अडुसष्ट, पासपोर्टात सहासष्ट. व्यवसाय घरकाम. शिक्षण तिसरी, तीही अर्धी. मूळ गाव इस्लामपूर, जिल्हा सांगली. सध्या राहणार कोबे, मुलगा नंदकिशोर याच्याकडे, दोन वर्षांपासून.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मला जपानी येत नाही. क्योतोहून आलेली कौमुदी नावाची मुलगी मी बोलते ते पोलीस साहेबांना सांगते आहे. तिथे ती कसलासा अभ्यास करते. लग्न झालेलं नाही.

काल, शुक्रवार दहा ऑक्टोबर १९९७ रोजी, इथे सुट्टी होती. नातीच्या शाळेत खेळांचा दिवस होता. मुलगा, सून वृंदा आणि नात असे तिघे डबे घेऊन आठ वाजता गेले. डबे मी भरले. तीनच होते.

शेजारी ओकुदा-सान राहतात. वय ऐंशीच्या आसपास. एकटेच असतात. पूर्वी डोंगरात रानडुकरं मारायला जायचे, आता गुडघे चालत नाहीत. त्यांची माझी ओळख म्हणजे ते सकाळी कुंपणापाशी ओहायो म्हणतात, मग मी म्हणते. दुसरं बोलणं नाही. घरात मला ओहायो म्हणायची कुणाला सवड नसते.

दहाच्या सुमारास त्यांच्याकडे गाडीतून एक माणूस आला. त्याचं नाव यामाने, हे मला इथे कळलं. तो बंदूक विकत घ्यायला आला होता. मी आमच्या मागच्या दारात कोथिंबीर निवडत होते, तिथून त्यांचा ओटा दिसतो. ओकुदा-साननी बंदूक कापडावर ठेवली, चष्मा लावला आणि त्या माणसाची वही मागितली. बंदुकीवरचा नंबर बघायचे, वहीत बोट फिरवायचे. दोनदा, तीनदा. मग मान हलवली आणि म्हणाले, "दामे." हा शब्द मला येतो. दामे म्हणजे नको, चालत नाही. नात मला दिवसभर तेच म्हणते.

तो माणूस हसला, त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि बंदुकीला हात घालायला गेला. ओकुदा-साननी तिच्यावर तळवा ठेवला, तो उचलला नाही. कौमुदीने मला आता समजावलं की घेणाऱ्याच्या परवान्यात हीच बंदूक आधी चढलेली हवी आणि ते देणाऱ्याने स्वतः समोरासमोर बघायचं असतं. त्याच्या वहीत त्याची जुनी बंदूक होती, ही नव्हती. म्हणजे म्हाताऱ्याने कायदाच पाळला. हे मोठ्या अक्षरात लिहा.

मग इथल्या रीतीने ते पाहुण्याला पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेले. गाडी दिसेनाशी होईपर्यंत हे लोक वाकतात. बंदूक ओट्यावर राहिली.

काल खंडेनवमी होती. मुलाच्या घरी पूजा करायला लोखंडाचं काय आहे? विळी मी गावाहून आणली, तिला आणि कात्रीला सकाळीच कुंकू लावलं. नातीने ते बघितलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. शेजारचं हत्यार आज ना उद्या घर सोडून जाणार, त्याला कुणी कुंकवाचं बोट लावणार नाही, असं मला वाटलं. कुंपणाचं फाटक उघडून मी गेले, बंदूक उचलून मांडीवर घेतली आणि हळदकुंकू लावलं. दस्त्यावरचा लाल डाग कुंकवाचा आहे. काल एका साहेबांनी तो कापसाने टिपून पिशवीत घातला. घालू देत.

तेवढ्यात रस्त्याने जाणाऱ्या बाईने मला बघितलं आणि ती ओरडत पळाली. फोन तिनेच केला. ओकुदा-सान परत आले, माझ्याकडे बघून जागीच थांबले. मग माझ्या शेजारी येऊन बसले. पोलीस येईपर्यंत आम्ही दोघं बसून होतो.

आज इथे यायच्या आधी मुलगा मला म्हणाला, "आई, एवढंच म्हण की त्यांनीच तुझ्या हातात धरायला दिली. तुझा व्हिसा वाढवायला टाकलाय. नाहीतर तुला परत पाठवतील."

मी म्हटलं, "आणि त्यांना?"

"त्यांचा परवाना जाईल, फार तर दंड होईल. ते इथलेच आहेत."

"नंदू, तुझ्या बापाने खोटं बोलायला तुला इतक्या लांब पाठवला नव्हता."

इथे आल्यावर तो आधी साहेबांशी जपानीत बोलला. त्याने साहेबांना काय सांगितलं ते मला कळलं नाही. इस्लामपूरला माझं घर आहे, भाडेकरू आहेत, माझी खोली राखून ठेवलेली आहे. तिथे कोण आहे असं साहेबांनी विचारलं. खोली आहे, असं लिहा.

हा जबाब कौमुदीने मला मराठीत वाचून दाखवला. त्यात "ओकुदा यांनी बंदूक माझ्या हाती दिली" अशी एक ओळ निघाली. ती मी बोललेली नाही. मी ती खोडायला लावली. कौमुदी म्हणाली, "आजी, ती काढली तर सगळं तुमच्यावर येतं." मी म्हटलं, "माझ्यावर येतं ते माझ्याच नावाने येऊ दे." खोडलेल्या ओळीच्या जागी "मी स्वतःहून उचलली, त्यांनी दिली नाही" असं लिहून घेतलं. बाकी मी सांगितलं तसंच आहे. शाईचं बोट दोनदा उमटवलं आहे, एक त्या ओळीवर आणि एक इथे खाली.