आईंना भुईवर उतरवताना

जबाब
दिनांक १२ नोव्हेंबर २०२४, वेळ दुपारी ३.४०

मी, मंजू कैलाश डोंगरवार, वय ६३ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार फुलचूर, तालुका व जिल्हा गोंदिया. पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी आणि माझ्या सासूबाई रुख्मा डोंगरवार, वय ८४, अशा दोघी राहतो. माझे पती कैलाश चार वर्षांपूर्वी वारले. मुलगा हेमेंद्र पुण्यात नोकरीला आहे. सासूबाईंना मी आई म्हणते, तरी पुढे तसेच लिहावे.

आज सकाळी हेमेंद्रने पुण्याहून ११२ क्रमांकावर फोन करून कळवले की, घरात एक माणूस विळा घेऊन शिरला आहे व त्याने आजीवर वार केला आहे. तो माणूस म्हणजे दुधराम कापगते, वय ५७, शेतकरी, राहणार खैरटोला, तालुका सडक अर्जुनी. ते आईंच्या सख्ख्या भावाचे चिरंजीव आहेत. त्यांना साडेअकरा वाजल्यापासून इथे चौकशीसाठी बसवले आहे व त्यांच्यावर गुन्हा नोंदवण्याचे चालले आहे असे मला समजले. आईंनी तेव्हापासून अन्न घेतलेले नाही. "माह्या दुध्याले आणल्याशिवाय ताट पुढे करू नोको," असे त्यांनी मला सांगितले आहे.

आईंच्या खोलीत हेमेंद्रने कॅमेरा बसवला आहे. तो पुण्यात बसून फोनवर आजीला बघतो. त्याने जे पाहिले ते खोटे नाही. परंतु त्या कॅमेऱ्यात चित्र येते, आवाज येत नाही. जे ऐकू आले ते सांगण्यासाठी मी आले आहे.

आई दोन वर्षांपासून अंथरुणावर आहेत. खुब्याचे हाड मोडले, त्यानंतर पाय चालले नाहीत. बुद्धी व जीभ शाबूत आहे. त्यांचे सर्व मी करते. मी गोंदियात सिस्टरांच्या शाळेत शिकले. तिथे शनिवारी आम्हाला आजारी माणसाची सेवा शिकवत. एका मुलीला टेबलावर झोपवायचे आणि तिला न उठवता खालची चादर बदलायची. मी सर्वांत हलकी असल्यामुळे आजारी माणूस नेहमी मीच होत असे. डोळे मिटून पडून राहायचे आणि सिस्टर कपाळावर हात ठेवून म्हणायची, आपल्या पेशंटला ताप नाही. हे सांगण्याचे कारण असे की, कुशीवर वळवून, खाली कापड अर्धे गुंडाळून सरकवायचे आणि दुसऱ्या कुशीवर वळवून ओढून घ्यायचे, ही रीत मला तेव्हापासून येते. आमच्या घरातील यंत्रालाही हीच रीत लागते.

यंत्राबाबत विचारल्यावरून सांगते. ते माणूस उचलण्याचे आहे. चार चाके, एक खांब, वर पुढे आलेला आडवा हात आणि त्याला आकडा. माणसाखाली झोळी घालून तिचे चार पट्टे आकड्यात अडकवायचे, खांद्याकडचे आखूड आणि पायाकडचे लांब. मग दांडा मारायचा, जसा गाडीचे चाक बदलताना जॅकला मारतात. माणूस हळूहळू वर येतो. मग ढकलत न्यायचे आणि खाली चाकी ढिली करून उतरवायचे. आई त्याला काटा म्हणतात, कारण धानाचे पोते त्यांच्याकडे असेच टांगून तोलत. वर जाताना त्या रोज विचारतात, "बघ वं, किती किलो उतरली?" मी काहीतरी आकडा सांगते. परवा जास्त सांगितला तर म्हणाल्या, "तुह्या हातचं खाऊन? खोटं बोलून राहिली."

यंत्राबरोबर आलेली झोळी जाळीची होती, तिने आईंच्या मांड्या सोलवटत. म्हणून तिला आतून-बाहेरून मऊ साडी शिवून घ्यावी असे मी ठरवले. कोणती साडी, असे विचारता आईंनी पेटीतली साडी काढायला लावली. ती लाल काठाची पांढरी सुती साडी दुधरामभाऊंनी त्यांना दिलेली होती. आईंच्या माहेरी अशी रीत आहे की, बाईच्या शेवटच्या दिवशी माहेरची साडी तिला लपेटतात आणि माहेरचाच माणूस तिला खाटेवरून भुईवर उतरवतो. ती साडी त्या दिवसासाठी ठेवलेली होती. मी म्हटले, "आई, ती नको." त्या म्हणाल्या, "तवा मले काय समजन, मऊ हाये का खरबरीत? आत्ताच लाव." शेजारच्या रिंकू यांनी ती मशीनवर शिवून दिली. रिंकू म्हणाल्या, "दादी, अब तो झूला बन गया आपका." हे मागच्या आठवड्यातले आहे.

आज सकाळी साधारण साडेदहा वाजता मी आईंचे अंग पुसले, वेणी घातली. गार वारा होता म्हणून कानात कापूस घातला. मागच्या दारातून खोलीत ऊन येते. आई म्हणाल्या, "खुर्चीवर बसून बसून कंटाळली मी. दोन वरीस भुईवर धड बसली नाही. मले खाली बसव." त्यांना भिंतीला टेकून, पाय पसरून, पुढ्यात सूप घेऊन बसायचे होते. नवे तांदूळ घरात आले आहेत, ते निवडायचे होते. यंत्र जमिनीपर्यंत उतरते हे मी कागदात वाचले होते. मी सतरंजी अंथरली, त्यावर गादी घातली, झोळी लावली, आईंना उचलले आणि सतरंजीवर आणून खाली उतरवू लागले. वर असताना आईंना गरगरते, म्हणून त्या डोळे मिटून घेतात.

त्याच वेळी दुधरामभाऊ आमच्या बाजूच्या खिडकीशी आले. पुढचे दार मी आतून लावलेले होते. ते सकाळीच गोंदियात लोहाराकडे विळ्याला दाते काढायला आले होते आणि परत जाताना आत्याला बघायला वळले. विळा कापडात गुंडाळून त्यांच्या पिशवीत होता. त्यांच्याकडे धानाची कापणी चालू आहे. विळा घेऊन येण्यामागे दुसरे कोणतेही कारण नव्हते.

खिडकीतून त्यांना काय दिसले हे मी आता सांगू शकते, कारण त्यांनी ते मला नंतर सांगितले. आत्या डोळे मिटून. कानात कापूस. अंगाभोवती ती लाल काठाची साडी. आणि मी त्यांना खाटेवरून भुईवर उतरवत आहे. त्यांना कोणी कळवले नव्हते.

त्यांनी हाक मारली ती मी ऐकली. "वयनी! काऊन नाही सांगितलं?" असे दोनदा. मी चाकी सोडू शकत नव्हते म्हणून वळले नाही. ते मागच्या दाराने आत आले. ते ओरडले, "हात नोका लावू! लोखंडानं उतरवता का माह्या आत्याले? मी मेलो का?" मी म्हणाले, "दुधरामभाऊ, थांबा," पण त्यांच्या ओरडण्यात ते त्यांना ऐकू गेले नाही. त्यांनी डावा हात आईंच्या पाठीखाली घातला, पिशवीतून विळा काढला आणि खांद्याकडचा एक पट्टा कापला. कॅमेऱ्यात हाच वार केल्यासारखा दिसतो. त्यांना आईंना मारायचे नव्हते. त्यांना आईंना हातात घ्यायचे होते.

पट्टा तुटल्यावर झोळी कलली आणि आईंचा सर्व भार त्यांच्यावर आला. ते आईंना छातीशी धरून खाली बसले. आईंना जमिनीचा स्पर्शही झाला नाही. विळ्याचे टोक आईंच्या उजव्या हाताला, कोपराखाली लागले. आईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "काऊन रे दुध्या, मले धान समजून कापून राहिला का?"

दुधरामभाऊंनी आईंच्या तोंडाकडे बघितले. मग म्हणाले, "आत्या, तू जित्ती हायेस?"

"हाव ना. पण तुही हाडं टोचून राहिली मले. सुना जेवू घालत नाही का?"

त्यावर ते रडू लागले. सत्तावन्न वर्षांचे गृहस्थ आहेत, मोठ्याने रडले. आई त्यांचे डोके थोपटत होत्या आणि हाताचे रक्त त्यांच्या सदऱ्याला लागत होते. सदऱ्यावरील डाग त्याचे आहेत. मी हसत होते. हेमेंद्रने मला नंतर फोनवर विचारले की, आई, तू तोंडावर ओढणी घेऊन रडत होतीस ना? मी त्याला सांगितले की नाही, हसत होते. त्याचा विश्वास बसला नाही. कॅमेऱ्यात दुधरामभाऊंची पाठच दिसते, त्यामुळे त्याला ते ओळखू आले नाहीत. दूर असलेल्या मुलाला असे चित्र दिसल्यावर त्याने जे केले तेच कोणीही करेल. त्याच्यावर माझा राग नाही. आजीसाठी ते यंत्र त्यानेच पाठवलेले आहे.

पोलीस आले तेव्हा दुधरामभाऊ आईंचा हात माझ्या ओढणीने बांधत होते. रुग्णालयात तीन टाके घातले. दुखते का, असे डॉक्टरांनी विचारल्यावर आईंनी "पोराले काऊन नेलं ते सांगा आधी" असे उत्तर दिले. त्यांची आता प्रकृती ठीक आहे. मी इथे असेपर्यंत रिंकू त्यांच्याजवळ बसल्या आहेत.

दुधरामभाऊंची आई ते लहान असतानाच वारली. आईंनी त्यांना तीन वर्षे आपल्या घरी ठेवून वाढवले. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भात शिजवता येत नव्हता. पहिल्या दिवशी तळाशी लागला. आईंनी करपलेला भात स्वतःच्या ताटात घेतला आणि वरचा पांढरा सगळ्यांना वाढला. याबद्दल त्यांनी आजवर कोणाला सांगितलेले नाही. अशा बाईवर वार करण्यासाठी कोणी येणार नाही, आणि दुधरामभाऊ तर नाहीच.

माझी दुधराम कापगते यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. आईंचीही नाही, त्यांचा जबाब घरी येऊन घ्यावा, त्या तो आनंदाने आणि बराच वेळ देतील. हेमेंद्रला मी समजावले आहे, तो तसे लेखी पाठवत आहे. ताब्यात घेतलेला विळा दुधरामभाऊंना परत मिळावा. धान उभे आहे.

आणखी एक गोष्ट सांगते. हवालदार रश्मी मॅडम यांनी हे लिहिण्याची गरज नाही असे सांगितले, परंतु मी लिहा अशी विनंती केली.

मागच्या वर्षी जुलैमध्ये आईंना खुर्चीवर घेताना माझी कंबर धरली आणि त्या माझ्या हातातून घसरून खाली गेल्या. माझ्याने त्या उचलल्या जाईनात. आम्ही दोघी दीड तास फरशीवर बसून होतो. फोन केल्यावर दुधरामभाऊ मोटारसायकलने आले, त्यांनी आईंना दोन हातांवर उचलून खाटेवर ठेवले. त्या दिवशी ते म्हणाले, "वयनी, आत्याले मी घेऊन जातो. माह्या घरी दोन पोरं, दोन सुना. उचलाले हात हायेत." मी आठ दिवसांची मुदत मागितली. त्याच संध्याकाळी हेमेंद्रला फोन करून यंत्र मागवले. आठव्या दिवशी दुधरामभाऊंना कळवले की आईंना आता बरे आहे, काळजी नसावी. यंत्राचे सांगितले नाही. त्यानंतर ते चार वेळा आले. दर वेळी येण्याआधी फोन करत, आणि दर वेळी मी यंत्र कोठीत नेऊन त्यावर चादर टाकली. आईंनाही बोलू नका म्हणाले. आई म्हणाल्या, "चोरी करून राहिली का वं?" पण बोलल्या नाहीत.

मला भीती होती की, माझ्याकडून होत नाही म्हणून लोखंड आणले आहे, असे त्यांच्या लक्षात आले की ते आईंना घेऊन जातील. तसे त्यांनी केले असते तर त्यात काही चूक नव्हती. त्यांच्या घरी माणसे आहेत. माझ्या घरी आई आहेत.

आज ते फोन न करता आले. त्यांनी हे यंत्र आधी पाहिले असते तर आज त्यांना ते ओळखता आले असते आणि विळा पिशवीतून निघाला नसता. तरी आजच्या प्रकाराचे कारण ते नसून मी आहे. हे मला कोणी विचारलेले नाही. मी आपणहून, कोणाच्या दबावाशिवाय सांगत आहे.

हा जबाब रश्मी मॅडम यांनी मला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. शेवटचा भाग वाचला जात असताना दुधराम कापगते हे दाराशी पाण्याचा पेला घेऊन उभे होते व त्यांनी तो ऐकला. मॅडम यांनी मला विचारले की तेवढा भाग खोडायचा का. मी नाही म्हणाले.

दुधराम कापगते म्हणाले, "वयनी, एक पट्टा मी तोडला, तो मी आणून देतो. तो दांडा किती जोरानं माराचा ते मले दाखवून द्या. तुमची कंबर धरली की मी येत जाईन. आत्या कुठं जात नाही." हे त्यांचे शब्द आहेत. तेही या कागदावर घ्यावेत अशी माझी विनंती आहे, म्हणून घेतले आहेत. सर्व बरोबर आहे.

सही
मंजू कैलाश डोंगरवार

समक्ष
रश्मी, महिला पोलीस हवालदार