पिवळं पठार

नाही, पण मला सांगा, ती बातमी पेढ्यांसोबत यायची काही गरज होती का? साधा मंगळवार हो! मी आपला कचेरीत ब्रश धूत बसलेलो, आणि चपराशी दादाजी तोंडासमोर पेढा धरून म्हणतो, "घ्या ना बाबूजी, आपला नकाशा पास झाला!" आपला म्हणे! पंचवार्षिक योजनेत सातपुड्यातल्या त्या पठारावर आता चराई बंद, सागाची लागवड सुरू, हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा... आणि माझ्या तोंडात पेढा. तुम्हाला सांगतो, मी फक्त रंग भरणारा माणूस!

चराईचं रान हिरवं, पडीक जमीन पिवळी, एवढंच माझं काम. पाहणीवाल्यांची जीप पावसात घाट चढत नाही, म्हणून ते गेले वैशाखात. वैशाखात तिथे कोण असतं? गवळी सगळी गुरं घेऊन खाली नदीवर उतरलेले! यांनी रिकामं पठार पाहिलं, सावलीत डबे खाल्ले आणि लिहिलं, 'जनावरे : नाहीत.' झालं, मी पिवळा ब्रश उचलला.

तुम्ही म्हणाल, तुम्हाला तरी काय माहीत? अहो, तिथेच तर लाज आहे! मला माहीत होतं. लतिकाला, माझ्या बायकोला, डॉक्टरांनी थंड हवेला न्या म्हटलं, तेव्हा अख्खा श्रावण आम्ही त्याच पठारावर रुपराव गवळ्याच्या घरी काढला. म्हशींमुळे वाट दिसत नव्हती! पण बोललो तर साहेब विचारणार, "मार्तंडराव, तुम्ही काहून गेले होते तिकडे?" मग लतिकाचं नाव घ्यावं लागलं असतं. तिला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. कचेरीत, सगळ्यांसमोर... नाही जमलं. भरला पिवळा. पातळ भरला हो, अगदी पातळ!

आणि गेल्या आठवड्यात रुपराव दारात! हातात तुपाचा डबा. "बाबूजी, कोन्या येड्यानं आमचं पठार पडीक लिवलं जी? मी समद्यायले सांगून राहिलो, घाबरू नका, आपले बाबूजी हायेत तिथं!" मी डबा घेऊन फळीवर ठेवला. रंग भरणारा माणूस! त्यानं हरकतीचा अर्ज काढला. "साक्षीदार लागते म्हनते. तुमी तं पायलं ना समदं?" मग आत डोकावून, "बाई दिसत नाई? त्यायले सांगा, त्यायनं नाव ठेवलेली वगार आता दूध देते. तिचंच तूप हाय हे."

"माहेरी गेलीय," मी म्हणालो. म्हणालो हो! फटकन!

"अर्ज ठेवून जा, उद्याच देतो," हेही म्हणालो.

मुदत काल संपली. तूप फळीवर आहे, उघडलेलं नाही. अर्ज खणात आहे. साक्षीदाराची सही करायची राहिली.