पुढच्या खेपेला

(न्यू साउथ वेल्समधला नदीकाठ, १९९५. एल्व्हाच्या घराची ओसरी.)

एल्व्हा : ही ओळ काढून टाक, नोरीन.

नोरीन : ‘नव्वद वर्षांत या तराफ्यावरून एकही माणूस बुडाला नाही’ ही? अहो, तुमच्या बाबांनी त्यातली तीस वर्षं तो चालवला. तराफ्याच्या जागी झालेल्या पुलाच्या उद्‌घाटनाला हाच फलक लावायचाय.

एल्व्हा : तराफ्यावरून नाही बुडालं कुणी. काठावरून वाहून गेली. चौघं.

नोरीन : कधी?

एल्व्हा : पन्नासच्या पुरात. मी तेरा वर्षांची, बाबांबरोबर तराफ्यावरच होते. पलीकडे अडकलेली शेतमालक हॅलोरनच्या घरची माणसं, त्याच्या गाई, आणि आदिवासी वस्तीवरची आयव्ही कार्नी. माझ्याच वयाची. तिची आई, भाऊ आणि एक तान्हं.

नोरीन : आधी कुणाला घेतलं?

एल्व्हा : हॅलोरनच्या माणसांना. मग गाई चढवल्या, अकरा. आयव्हीच्या आईला बाबा म्हणाले, पुढच्या खेपेला.

नोरीन : हॅलोरननं सांगितलं तसं?

एल्व्हा : तो काही बोलला नाही. बाबांनीच ठरवलं. आम्ही या काठाला लागलो आणि वाहत आलेल्या झाडानं तराफा ओढायची तार तोडली. पलीकडे चौघं तशीच उभी. हाक मारली नाही कुणी. मग पाणी चढलं.

नोरीन : पुराच्या सरकारी अहवालात यातलं काहीच नाही.

एल्व्हा : गाई वाचल्याचं आहे. नवी तार आली तशी बाबा रोज सकाळी रिकामा तराफा पलीकडे न्यायचे. चढायच्या तोंडाची साखळी सोडायचे, थांबायचे, कुणी चढतंय तसे बाजूला सरायचे. अगदी निवृत्त होईपर्यंत.

नोरीन : तुम्ही गेलात कधी बरोबर?

एल्व्हा : एकदा. दिसलं काही नाही. पण माणसं चढली की तराफा पाण्यात कसा बसतो ते मला कळतं गं. येताना तो तसाच बसलेला होता.

नोरीन : नावं सांगा. फलकावर घालते.

एल्व्हा : आयव्ही. आई मेरियन. भाऊ लेस्टर. तान्ह्याचं ठाऊक नाही. आयव्हीची थोरली बहीण पर्ल त्या दिवशी गावात कामाला होती, म्हणून वाचली. अजून वस्तीवरच असते.

नोरीन : मग तिलाच विचारू. फलकावर घालायचं का, तेही. चला, गाडी आणलीय मी.

एल्व्हा : दोनदा गेले होते मी. तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले. आज तू पुढे हो. मी येते मागून.