तुळशीची काच

माझं नाव चंद्राबाई, पर त्या नावानं मला कुनी हाक मारत न्हाई, वेल्ह्यापासनं भोरापतूर समदी सुईवालीच म्हनत्यात. माहेर भाटघरच्या वरल्या अंगाला व्हतं, आता तिथं धरनाचं पानी हाय, तवा दावायला काय न्हाई. माझी आई गोंदायची, तिची आई गोंदायची. जत्रंला, बाजाराला, पोरीचं लगीन ठरलं की आमाला बलावनं. सुया दोऱ्यानं आवळून बांधायच्या, काजळी पाल्याच्या रसात कालवायची आन् बाईशी बोलत बोलत टोचायचं. टोचन्यापरीस बोलनं मोठं, आईनं शिकवलेलं. बाई हसली की अंग ढिलं पडतंय, मंग सुई दुखत न्हाई.

लगीन होऊन हितं मार्गासनीला आले. धनी धरनाच्या कामावर दगड फोडायला जायचे, तिथं हिवताप अंगात शिरला, त्यातच गेले. ठकू, माझी लेक, तवा रांगत व्हती. येवढी एकच लेक मला. काय सांगू तुमाला ताई, त्या दिसांचं मला फारसं आठवतच न्हाई, म्या गोंदत ऱ्हायले येवढं ठावं हाय.

तुमी पुन्याहून साहेबांचं इच्यारायला आलाय, त्येंच्यावर पुस्तक काढायचं म्हनताय, तर साहेबांचं सांगते. मुंबैला डाक्टरकी शिकून ते भोरात आले, नदीकडच्या आळीत दोन खोल्या घेतल्या. एकीत दुखनेकरी बघायचे आन् दुसरीत ती पितळी दुर्बीन, बारीक जिन्नस मोठा दावनारी, वाकून एक डोळा लावायची. त्येंचं येड एकच, रगत. आमच्या मावळात पोटुश्या बाया पांढऱ्या पडायच्या, पाय सुजायचे, धाप लागायची, बाळंतपनात मरायच्या. लोक म्हनायचे बाहेरचं लागलंय. साहेब म्हनायचे रगत पातळ झालंय, का झालंय ते बघायचं हाय, आन् त्यासाठी मला त्येंच्या बोटाचा थेंब पायजे.

कोन देतंय? साहेब गावात आले की बाया पाठच्या दारानं शेतात. म्हाताऱ्या म्हनायच्या, कुपीत भरून नेतोय आन् बायकूला पाजतोय. मंग एका बाजारच्या दिशी साहेब वेल्ह्यात माझ्यापाशी येऊन थांबले. म्या एका धनगरनीच्या दंडावर विंचू गोंदत व्हते. लई येळ बघत उभे. म्हनाले, बाई, तुमच्या सुईनं रगत येतंय तरी ह्या हसत्यात, आन् मला बघून पळत्यात, ह्ये कसं? म्या म्हनलं, साहेब, तुमी आदी रगत मागता, म्या आदी सासूचं गाऱ्हानं ऐकते. हसले. फुडच्या बाजाराला आले ते सुया आन् काचा घिऊनच आले.

तवापासनं त्येंच्या कामाला लागले. बोट स्पिरिटानं पुसायचं, एक टोच, पयला थेंब पुसून टाकायचा, दुसरा टिपकागदावर, तिसरा काचेवर, आन् दुसऱ्या काचेच्या कडेनं तो भाकरीवर लोनी फिरवावं तसा पसरायचा, वाळवायचा, कागदात गुंडाळायचा. स्पिरिटाचा वास आला की बाया म्हनायच्या, आगं बया, सुईवाली दारूनं बोट धुतीया, वाईच तोंडात घाल की. म्या म्हनायचे, आदी बोट दे, मंग तोंड उघड. टिपकागदावरचा डाग साहेब लाल पट्ट्यांशी ताडून बघायचे, जितका फिका तितकं रगत पातळ. फुडं फुडं मला पट्ट्या लागंनात, नुसत्या नजरंनं कळायचं. लिवता येत न्हाई मला, तवा त्या बाईच्या अंगावर जे गोंदलंय तेच म्या कागदावर काढायचे, कुनाचा विंचू, कुनाचं कनीस, कुनाची पावलं. कोन कुटली ते म्या सांगायचे आन् साहेब खाली नाव घालायचे. त्येंच्या जुन्या वहीत ती चित्रं अजून हाईत म्हनं, तुमी बघितली असतील.

आता ह्ये नीट ऐका. आमच्यात पोटुशीला गोंदत न्हाईत. तिचं रगत सांडू ने, ते पोराच्या वाट्याचं असतंय. साहेबांना तर पोटुश्याच पायजे. म्या आईचं शिकवलेलं गुंडाळून ठिवलं आन् टोचत सुटले. सासवा सुनंला मागं सारायच्या आन् आपलंच बोट फुडं करायच्या, हिचं नगं, माझं घ्या, घर येकच हाय, रगतबी येकच. येरवी भाकर वाढताना ह्यांचाच हात आखडायचा बरं का. पर म्या लई कडक. म्हनायचे, म्हातारे, एकीचं बोट दुसरीच्या नावावर चालत न्हाई. साहेबांनी मला पयल्याच दिशी सांगितलेलं, बाई, काच खोटी तर फुडचं समदं खोटं.

औषद यायचं इलायतेतनं, डब्यात. काळं, चिकट, खारट. त्याच्या आदी साहेब बकऱ्याचं काळीज खा म्हनायचे, तर रोज काळीज आनायचं कुठनं, आन् माळ घातलेल्या घरात तर नावबी काढू नगा. मंग ह्ये काळं औषद आलं. हातरुनाला खिळलेल्या बाया उठून पान्याला जाया लागल्या, म्या माझ्या डोळ्यानं बघितल्यात. पर डबे थोडे. तवा जिचा डाग फिका तिलाच डबा.

ठकूला वेल्ह्यात दिली व्हती. पयलटकरीन, सातव्या म्हैन्यात हितं आनली. मनगटावर तुळस व्हती तिच्या, लग्नात म्याच काढलेली. पोर उजळली व्हती. शेजारनी म्हनायच्या, ठकी कशी गोरी दिसाया लागलीया, पोरगीच व्हनार बघ. मलाबी बरं वाटायचं. दुसऱ्यांच्या लेकींच्या पापन्या खाली ओढून आत बघनारी म्या, आन् माझ्या लेकीला गोरी म्हनत व्हते. दोन पायऱ्या चढली की बसायची, छाती धरून. म्या म्हनायचे, पयली खेप हाय, व्हतंय तसं.

साहेबांनी इच्यारलं, बाई, समद्यांच्या काचा आनता, लेकीची का आनली न्हाई? म्हनलं, आनते. घरी आले, सुई घिऊन बसले. ठकूनं हात मागं घेतला. म्हनली, आये, नगं गं, पोराच्या वाट्याचं सांडंल, तूच सांगायचीस की. गावच्या लेकीसुनांना टोचताना म्या कवा मागं सरले न्हाई, आन् हितं हात फुडं जाईना. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपन कोरडे पाषाण. म्या म्हनलं, जा, भाकरी टाक. ती गेली चुलीकडं आन् म्या माझंच बोट टोचलं. टिपकागदावर लावलं, काचेवर पसरलं, वाळवलं, आन् कागदावर तुळस काढली. घर येकच, रगतबी येकच. ह्येला किती येळ लागला असंल? ठकूची पयली भाकर तव्यावरनं उतरली नव्हती.

साहेबांनी काच बघितली, टिपकागद बघितला, त्येंचं तोंड खुललं. बाई, लेकीचं रगत झ्याक हाय, काळजीच नगं. म्या मान हलवली. त्या म्हैन्याला एकच डबा उरला व्हता, तो धनगरवाड्यावरल्या सगुनाला गेला, म्याच न्हेऊन दिला. सगुना जगली. चार पोरं हाईत तिला. बाजारात भेटली की हात धरती, सुईवाले, तुझ्यामुळं मी हाय म्हनती. म्या म्हनते, व्हय.

ठकू बाळंत झाली दिसाउजेडी. पोरगी झाली. सुईन म्हनली, रगत लई न्हाई गेलं, वाईच गेलं. पर तेवढंबी द्यायला तिच्या अंगात नव्हतं. व्हट पांढरे, नखं पांढरी. आये, गार लागतंय, म्हनली. म्या गोधडी घातली. दुसरी आनाया वळले, आनली, तवर संपलं व्हतं. निरोप गेला, साहेब भोरावरनं आले, तवा अजून तिला उचलली नव्हती. त्येंनी तिची पापनी खाली ओढून बघितली, लई येळ बघितली. मंग माझ्याम्होरं शेनानं सारवलेल्या भुईवर बसले, साहेबी कपड्यात, आन् म्हनाले, बाई, ह्या अंगात रगत न्हाई, आन् म्हैन्यामागं माझ्या काचेवर व्हतं. ते गेलं कुठं? मी चुकलोय कुठंतरी. तुमच्या लेकीचं रगत कुठं गेलं ते मी हुडकून काढीन, माझा शबूद हाय.

तवाच सांगायचं व्हतं. तोंड उघडलं व्हतं म्या, ताई, खरंच उघडलं व्हतं. पर मांडीवरली पोर रडाया लागली, म्या उठले तिला शेळीचं दूध बघाया. मंग ते ऱ्हाऊनच गेलं.

साहेब फुडं पुन्याला गेले, तपासायची मोठी जागा झाली, हाताखाली मानसं आली, तुमीबी त्यातल्याच. नाव झालं त्येंचं, लांबलांबचे डाक्टर रगताचं इच्यारायला येत्यात म्हनं. पर वर्साकाठी एकदा मार्गासनीला यायचे, अजूनबी येत्यात, न चुकता. पोरीच्या हातावर खाऊ ठिवायचे आन् मला सांगायचे, बाई, रगत एकाएकी अंगातल्या अंगात इरघळतंय असा कायतरी रोग हाय, तोच तुमच्या लेकीला झाला. एका वर्सी म्हनाले, हिवतापाच्या गोळीनं. एका वर्सी म्हनाले, पान्यात काय असंल. तेवढ्यापायी ससे पाळले त्येंनी, टोचून रगत तपासायला. फुडल्या वर्सी म्हनायचे, न्हाई जुळलं, परत बघतो. म्या ऐकून घ्यायचे आन् च्या टाकायचे. तुळशीची काच त्येंनी मेजाच्या खनात वायली ठिवलीया, येनाऱ्या-जानाऱ्याला दावत्यात. पंधरा-सोळा वर्सं झाली. पयला मला त्येंचा राग यायचा, खरं सांगते, कशाला उकरताय म्हनून. मंग राग येईनासा झाला, रडू तर त्याच्याबी आदी गेलं. आता कायबी येत न्हाई. भांडी घासावी तशी दिस घासते. लेकीचं लुगडं फाटलं, बांगड्या फुटल्या, ह्या दुनियेत तिच्या नावाची एक काच ऱ्हायली, आन् तिच्यावरबी माझंच रगत.

आता तुमी म्हनताय पुस्तकात त्या काचेचा मोठा धडा घालनार, एका गरिबाच्या लेकीपायी साहेबांनी हयात घातली असा. घाला की. खरंच हाय ते. पर ह्येबी लिवा, म्या सांगितलं तसंच लिवा, गोड करू नगा.

आजवर न्हाई सांगितलं आन् आजच का, आसं तुमच्या मनात आलं असंल. आलं न्हवं? ही रंगू, मगाशी तुमाला पानी दिलं ती, ठकूची पोर. शेळीच्या दुदावर म्या वाढवली. बापानं दुसरी केली, तो इच्यारत न्हाई. भाटघरला दिलीया तिला, पयल्या खेपंला हितं आलीया, सातवा लागलाय. परवा पान्यावर शेजारीन म्हनली, सुईवाले, तुझी रंगी कशी उजळलीया गं. म्या डोईवरचा हंडा खाली ठिवला आन् तिथंच बसले.

थांबा, उठू नगा. वही ठिवा खाली जरा. रंगे, ये हिकडं, बस. हात दे. बघा, काय म्हनतीया, पोटुशीचं रगत सांडू ने म्हनं, म्याच शिकवलं असनार कवातरी, तोंडाला हाड न्हाई माझ्या. गप बस. तुझी आईबी ह्येच म्हनली व्हती आन् म्या ऐकलं तिचं. ताई, तुमी जवळ या, बोट कुनाचं हाय ते नीट बघा, साक्षीला तुमी. स्पिरिट न्हाई, उकळलेलं पानी हाय, सुई चुलीत लाल केलीया. हे बघा. हा पयला पुसला. हा टिपकागदावर, तुमच्या वहीतलाच द्या, शाई टिपायचा. हा काचेवर, साहेबांच्या जुन्या काचा जपून ठिवल्यात म्या. झालं, रंगे. चोख बोट, आन् जा, भाकरी टाक.

चित्र न्हाई काढत म्या. नाव तुमीच लिवा, रंगू, चंद्राबाईची नात.

डाग बघितला? पट्ट्या नसल्या तरी मला दिसतंय. फिका हाय. लई फिका हाय.

दुपारची मोटार हाय पुन्याची, तीच धरा. साहेबांना आदी ही काच द्या, म्हनावं ही खरी हाय, आन् डबा मागून घ्या, दोन मिळाले तर दोन. डबा हातात पडला की मंगच माझं बाकीचं वाचून दावा, त्याच्या आदी न्हाई. शिव्या दिल्या तर म्हनावं म्हातारी म्हनली पोचल्या. देव त्येंना लई आवुक्ष देवो. पान्यावर संशय घेतला त्येंनी, गोळीवर घेतला, सोताच्या डोळ्यावर घेतला, पर इतक्या वर्सांत एकदा म्हनून इच्यारलं न्हाई, बाई, बोट कुनाचं व्हतं. जावा आता, मोटार चुकंल.