आडवी शिडी

— ओरडून काही उपयोग नाही, साहेब. ही घरघर ऐकताय ना ट्रान्सफॉर्मरची? मागच्या क्वार्टरमधून माझी बायको मला तीस वर्षं हाका मारून थकली, तिच्या हाका मला ऐकू आल्या नाहीत, तुमच्या त्या ड्रायव्हरला काय येणार? तो काचा वर करून, गार वारं सोडून घोरतोय गाडीत. आणि मनगट ओढू नका, सालटं जातील. माणसाला खांबावर धरून ठेवायचा पट्टा आहे तो, तुमच्यासारखे दोन टांगले तरी सुटायचा नाही. ओठ पुसा. पुसा की, डावा हात मोकळाच ठेवलाय. जरा जोरात बसली हे मान्य — पण तुम्हीही काय, पेनाचं टोपण काढून पेन माझ्या बोटांत कोंबलंत आणि म्हणालात, ‘आजोबा, करून टाका सही, तुमच्याही हिताचंच आहे.’ कुणाचा आजोबा रे मी? तुझा? — असो. तुमचा. तोंडातनं जातं.

हाताखाली काय आहे म्हणता? तांब्याची पट्टी. वीज खात्याचे साहेब ना तुम्ही? मंत्र्यांच्या शेजारी खुर्ची तुमची, आणि पट्टी ओळखत नाही? अकरा हजार व्होल्ट जातात हिच्यातून. आत्ता? आत्ता बंद आहे, घाबरू नका. हे बघा हँडल, खाली आहे. त्याला कुलूप आहे. चावी कुठे? तुमच्या गळ्यात. सुतळीला. मघाशी तुम्ही भोवळ येऊन बसलात तेव्हा मीच घातली, रीतसर. आमची पद्धतच आहे ती. तारेवर जाणाऱ्याने आपल्या हाताने कुलूप घालायचं, चावी गळ्यात अडकवायची आणि मग वर चढायचं. तो उतरून चावी देत नाही तोवर हँडल वर जात नाही — मंत्री येवो, देव येवो. चौतीस वर्षं हीच पद्धत, चौतीस वर्षांत या खोलीने एक माणूस मारला नाही. लाइट गेला म्हणून लोकांनी दगड मारले, ही बघा काच, अजून चिकटपट्टी लावलेली आहे. आईवरून शिव्या खाल्ल्या. पण माणूस मारला नाही.

मग तुमचा कागद आला. तुमच्या मंत्र्यांनी भाषण ठोकलं ना, की यापुढे कुणाच्याही घरात दहा मिनिटांवर अंधार राहणार नाही? टाळ्या पडल्या. चौकाचौकात फोटो लागले, हातात बल्ब धरून हसताना. मी म्हटलं, वा, आता नव्या तारा येणार. आल्या? घंटा. खांब आले? बुडाशी गंजून पापड झालेत, लाथ मारली तर डुलतात. माणसं? बावीस होतो, नऊ उरलो, आणि मला तर रिटायर झाल्यावरही ठेवलाय, कारण हे पॅनेल माझ्याच वयाचं आहे, दुसरं कोणी त्याला हात लावत नाही. मग आलं काय? तिकडे तुमच्या ऑफिसात एक भिंत आली. भिंतभर दिवे. कुठलीही लाइन दहा मिनिटांच्या वर बंद राहिली की तिचा दिवा लाल. लाल झाला की साहेबाची उचलबांगडी. आता जळलेला जोड बदलायला लागतो अर्धा तास, तो काय भाषण ऐकून दहा मिनिटांत बदलतो का? मग तुम्ही डोकं लढवलंत — दुसरी चावी. प्रत्येक कुलपाची दुसरी चावी ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, ‘तातडीच्या वापरासाठी’. खाली सही कुणाची? ह्याच हाताची, जो आता पट्टीवर आहे. हलवू नका म्हटलं ना!

माझा जावई होता तो. आज सहीला आणलेल्या तुमच्या कागदात ‘मयत लाइनमन’ लिहिलंय. मयत कसला, माझ्याच हाताखाली शिकलेला, मीच पोरगी दिली त्याला. मला मामा म्हणायचा. पोरगी पहिल्यांदा म्हणाली, ‘बाबा, तो खांबावर चढतो तर वाटतं जिना चढतोय,’ तेव्हाच मी समजलो की हिचं काही खरं नाही. त्याला मी एक गोष्ट शिकवली होती. या खिडकीतून रस्त्यापलीकडचा तो खांब दिसतो, वरचं टोक दिसत नाही, मध्ये पत्र्याची शेड येते, पण बुडखा दिसतो. म्हटलं, उतरलास की शिडी आडवी टाक. शिडी उभी म्हणजे तू वर. शिडी आडवी म्हणजे तू खाली आणि मी चहा सांगतो. अकरा वर्षं चाललं हे. अकरा वर्षं शिडी आडवी पडली आणि चहा आला.

त्या दिवशी दुपारी तुमच्या मंत्र्यांचा ताफा त्याच रस्त्याने जाणार होता. पुढे सभा, सभेला वीज पाहिजे. हा वर जोड बांधतोय. पोलीस आले, शिडीचा पाय रस्त्यावर येतो म्हणाले, काढली, गटाराच्या कडेला टाकली. वर माणूस आहे, त्याला पट्टा आहे, तो कुठे जातोय — असं म्हणाले असतील. नऊ मिनिटं झाली. फोन वाजला. ‘झालं का काम? ताफा आला. चालू करा.’ मी मान वळवून बघितलं. शिडी आडवी. आणि मी चावी — चावी फिरली. म्हणजे फिरवली गेली. ड्रॉवर उघडा होता, दुसरी चावी होती, हुकूम होता —

काय बघताय असे?

पट्ट्याने त्याला सोडलं नाही, साहेब. पडला असता तर हातपाय मोडून जगला असता एखाद वेळेस. हाच पट्टा. हा जो तुमच्या मनगटावर आहे ना, हे काळं काय आहे, वंगण नाही ते. काच हादरली तसा मी दाराबाहेर धावलो, तर तो वर ताठ, उजव्या बुटातनं जाळ, केसांचा वास इथवर आला, आणि त्याच्या खालून ताफा गेला. सतरा गाड्या. मी मोजल्या, का मोजल्या कुणास ठाऊक, माणूस जळत असताना मी गाड्या मोजत होतो. एक थांबली नाही. एकाने तर हॉर्न दिला. आणि ती तुमच्या गळ्यातली चावी — हां, तीच, टाकू नका — ती त्याच्या छातीत रुतून बसली होती. दवाखान्यात चिमट्याने काढली. तिचा छाप राहिला कातडीवर, दातांसकट. चावी त्याच्याजवळ होती, साहेब. त्याने कायदा पाळला. आणि तुमचा कागद म्हणतो, ‘मयताचा निष्काळजीपणा.’ परवानगी न घेता चढला म्हणे!

थांबा. फोन वाजला बघा, तुमच्या भिंतीवाल्यांचा. आठ मिनिटांपूर्वी मी लाइन बंद पाडली, भिंतीवर तुमचा दिवा लाल व्हायला फुरफुरत असणार. स्पीकर लावतो. आणि ही दुसरी चावी. हे कुलूप उघडलं. हा माझा हात हँडलवर. ते विचारतील, चालू करू का. बोला तुम्ही. हुकूम तुमचा आहे, पाळू की नको ते तुम्ही सांगा. मी तीनपर्यंत मोजतो. एक — मोठ्याने बोला, घरघर आहे. दोन —

वा!

वा, साहेब. काय आवाज लागला! ‘चालू करू नका, माणूस आहे, माणूस आहे, दहा मिनिटं गेली खड्ड्यात, मी सांगतोय!’ असंच म्हणालात ना? ठेवला मी फोन. हा फोन तिकडे टेप होतो, तुमचीच आयडिया, आम्ही कामचुकार काय बोलतो ते ऐकायला. आता तुमच्या मंत्र्यांना बसवा आणि ऐकवा. तुमच्याच तोंडून आलंय. मोडता येतो तो नियम, बघा, एका दमात मोडता येतो. फक्त पट्टीवर हात स्वतःचा पाहिजे.

रडू नका. कोपराजवळ बघा. ती साखळी दिसते? जाडजूड, जमिनीत गेलेली? अर्थिंग म्हणतात तिला, वीज सरळ जमिनीत नेते. तुमचा हात बांधायच्या आधी मी ती पट्टीला अडकवली. हँडल वर गेलं असतं तरी तुम्हाला मुंगीसुद्धा चावली नसती, पॅनेल धाडकन आपोआप बंद पडलं असतं, बस. मी ऑपरेटर आहे, खाटीक नाही. सगळा वेळ तुमच्या डोळ्यांसमोर होती. नाही ओळखलीत.

मी मात्र — त्या दिवशी हे चार शब्द मला म्हणायचे होते. ‘वर माणूस आहे का, बघून येतो.’ चार का सहा, जे असतील ते. पन्नास पावलांवर खांब. मी खुर्चीतून उठलो नाही. लाल दिव्याला घाबरलो. तुमच्या कागदावर सही केली असती तर मीही सुटलो असतो, हेच म्हणत होता ना तुम्ही, हिताचं आहे म्हणून? पोरगी रोज मला जेवायला वाढते. म्हणते, बाबा, वरून लाइन कुणी चालू केली हो? मी भाजी संपवतो आणि उठतो.

हं, पट्टा सोडला, हात काढा. चोळू नका, आपोआप बरं होईल. हा तुमचा कागद, मागच्या बाजूला मी लिहिलंय, अक्षर वाईट आहे, चौथीपर्यंतचंच आहे. ‘चावी मी फिरवली. दुसरी चावी यांनी दिली.’ त्याखाली माझी सही. शेजारी जागा सोडलीय. तुमच्यासाठी.

नाही? बरं. टेप आहेच.

गळ्यातली चावी द्या इकडे. पोलिसांना सांगा, मी इथेच आहे, आणि लाइन बंद आहे. आज बंदच राहणार. होऊ दे सगळी भिंत लाल. मला आधी क्वार्टरमध्ये जायचंय, पोरीकडे.

निघा. आणि जाताना गटाराकडेची ती शिडी उभी करा.